मनगटाचे गुरुजी

चिमूरच्या बसस्थानकावर गुरुजींनी तुमचा हात हातात घेतला, तर तो परत मिळायला वेळ लागतो. अंगठा मनगटात रुतवून ते विचारतात, "इथं दुखते ना जी?" एवढं दाबल्यावर कुणाचंही दुखेल. तुम्ही हो म्हटलं की गुरुजी प्रसन्न. "वात होय!"

बालाजीची घोडायात्रा असो की 16 ऑगस्टचा शहीद स्मृतिदिन, पाहुणे आले की गुरुजींना नवी मनगटं मिळतात. 1942च्या क्रांतीची हकीकत ते रंगवून सांगतात; पण ती ऐकणाऱ्याचं मनगट धरूनच.

धानाची रोवणी करून आलेली बाई, तेंदूपानांचे 70-70 पानांचे पुडे बांधून बोटं आखडलेला मजूर, रात्री मुंग्या येऊन झोप उडालेला कारकून, सगळ्यांना औषध एकच. तिळाचं तेल चोळायचं, तव्यावर गरम केलेल्या निरगुडीच्या पाल्याचा पुरचुंडीनं शेक घ्यायचा, सुंठीचा लेप लावायचा, झोपताना एरंडाचं पान बांधायचं. बिब्याच्या वाटेला ते जात नाहीत. एकदा लावला होता, तर आधी रोग्याची कातडी उठली, मग रोग्याचे भाऊ उठले.

शेकानं आराम पडतो, हे खरंच. चार दिवस हाताला विसावा द्या, हे मात्र गुरुजी रोवणीवालीला सांगत नाहीत. रोजी बुडवून कोण विसावा घेणार, एवढं त्यांनाही कळतं.

गुरुजींच्या या दवाखान्यात पाला खुडायचा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, तवा तापवायचा काकूंनी, सहाणेवर सुंठ उगाळायची तीही काकूंनी. गुरुजी बंगईवरून फक्त म्हणतात, "कोमट पायजे, कढत नाही."

मध्यंतरी काकूंचाच अंगठा आखडला. गुरुजींनी दाबून पाहिलं. "वात होय."

"वात नाही जी, सहाण होय," काकू म्हणाल्या आणि सरळ उपजिल्हा रुग्णालयात जाऊन मनगटाला पट्टा बांधून आल्या. डॉक्टरांनी हात चालवायला मनाई केली होती. झालं, दवाखाना बंद! एकदा गुरुजींनी स्वतः सुंठ उगाळायला घेतली. पहिला रोगी यायच्या आत त्यांनाच शेक लागला.

काकूंचं मनगट आता बरं आहे. गुरुजी ज्याला त्याला सांगतात, "पट्ट्याचं काही नाही जी. घरात निरगुडीचा वास होता, त्यानं उतरलं."