दुकानातली म्हणे सुपरबाइक!
१९८८ साली सुरू झालेल्या वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धेची मूळ अट साधी होती: दुकानात विकली जाते तीच गाडी शर्यतीत. अट आजही कागदोपत्री शाबूत आहे. फक्त दुकान सराफाचे झाले. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ आरची किंमत ४० हजार युरोंहून अधिक! ती गाडी बघून शेजारी हरखतो, घेत नाही. स्वार जोनाथन रेच्या २०१५ ते २०२० या सलग सहा विजेतेपदांनी लोक कंटाळले आणि स्पर्धेची रया गेली, असे कुणी म्हणेल. पण २०२१मध्ये तोप्राक राझगातलिओलूने त्याला हरवले, तरी जुनी रया परतली नाही. खरी गोम घरातच आहे. मोटोजीपी ही थोरली स्पर्धा आणि ही धाकटी, दोघी एकाच आयोजक कंपनीच्या पंगतीला. थोरलीला तूप, धाकटीला ताक. तीन विजेतेपदे मिळवून तोप्राकही २०२६मध्ये तुपाकडेच गेला.