भविष्याची थकबाकी

महिन्याचा चौथा शनिवार, संध्याकाळचे पाच. सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ लोखंडी घडीच्या खुर्च्या उघडत असतात. खुर्च्या एकवीस. उघडायच्या चौदा. उरलेल्या सात भिंतीला टेकवून ठेवायच्या, त्या राखीव. कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"गर्दी झाली तर," ते म्हणाले.

आमच्या मंडळात गर्दी ही गोष्ट विज्ञानकथेतच मोडते.

हे आमचे कार्यवाह. मंडळ विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं. मंडळाचे अध्यक्ष बदलतात, खजिनदार दोन वर्षांनी रुसून जातात, तरुण मंडळी नोकरी लागली की हिंजवडीत गडप होतात. कार्यवाह जात नाहीत. वाचनालयाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या जानव्याला आहे असं आम्ही म्हणतो. खरं तर ती सायकलच्या किल्लीच्या जुडग्यात असते. त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. घरी वहिनीसुद्धा "कार्यवाह आंघोळीला गेलेत" असं फोनवर सांगतात, आणि त्या थट्टेनं म्हणतात की सवयीनं, ते अजून कळलेलं नाही.

सभा चौथ्याच शनिवारी का, यालाही कारण आहे. दुसऱ्या शनिवारी 'आयुका'त शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात. मंडळाच्या घटनेत "आयुकाशी स्पर्धा टाळावी" असं कलमच आहे. आयुकाला या तहाची कल्पना नसावी.

माणूस चौतीस वर्षं बँकेत होता, त्यातली शेवटची बारा तपासणी खात्यात. न कळवता शाखेत जाऊन उभं राहायचं आणि लेजर मागायचं, हे काम. आज जालना, उद्या वाशीम, मुक्काम लॉजवर. रात्री वाचायला स्टँडवरून नारायण धारप घ्यायचे. पण परगावच्या लॉजवर, बाहेर कुत्री रडत असताना, धारप वाचून झोपायचं धाडस त्यांना होईना. तेव्हा एका जुन्या दिवाळी अंकात नारळीकर सापडले. "धारपांनी जागं ठेवलं, नारळीकरांनी झोप दिली," असं ते सांगतात, आणि यात नारळीकरांची निंदा होते आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

विज्ञानकथा माणसाला कल्पनेच्या भराऱ्या मारायला शिकवते म्हणतात. कार्यवाहांना तिनं वसुली शिकवली. त्यांच्याकडे एक लांबट, लाल पाठीचं लेजर आहे. रकाने पाच: लेखक, साल, वचन, देय दिनांक, शेरा. विज्ञानकथेत लेखकानं जे होईल म्हणून लिहिलं, ते त्यांच्या लेखी कर्ज आहे. लेखकानं वाचकाकडून उचललेलं. ते फिटलं की नाही, हे कोणीतरी बघायला नको?

पहिल्या पानावर ज्यूल व्हर्न. साल १८६५. फ्लोरिडातून तीन माणसं चंद्राकडे. शेरा: "ठिकाण बरोबर, माणसं बरोबर, तोफ चूक. अंशतः वसूल." त्याखाली फॉर्स्टर, १९०९, घरबसल्या एकमेकांचे चेहरे बघत बोलणारी माणसं: "पूर्ण वसूल. व्याजासह." हे 'व्याजासह' त्यांनी कोविडच्या साली लिहिलं, मंडळाच्या सभा मोबाइलवर झाल्या तेव्हा. 'रोबो' हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून आला, पण चापेकनं स्वतःच सांगून ठेवलंय की शब्द भावानं, योसेफनं, सुचवला. लेजरमध्ये नाटक कारेलच्या खाती आहे आणि शब्द योसेफच्या. दोन भावांत हिशेब चोख हवा.

आर्थर क्लार्कवरून तर मंडळात फूट पडायची वेळ आली होती. पृथ्वीबरोबर फिरणारे उपग्रह वापरून जगभर संदेश पाठवता येतील, हे क्लार्कनं १९४५ मध्ये लिहिलं. अख्खं मंडळ म्हणालं, ही तर केवढी वसुली! कार्यवाहांनी नोंद नाकारली. "तो लेख होता. कथा नव्हे. लेखाची जमा कथेच्या खात्यात घेता येत नाही." दोन सभासदांनी पुढच्या महिन्याची वर्गणी रोखून धरली. ती रक्कमही थकबाकीत नोंदली गेली.

मुदतीत न फिटलेल्या वचनांना बँकेचाच नियम. देय दिनांकानंतर नव्वद दिवस गेले की एनपीए. त्यानंतर सबस्टँडर्ड, डाउटफुल, आणि शेवटी लॉस. क्यूब्रिकचा '२००१' बरीच वर्षं डाउटफुलमध्ये पडून आहे: चंद्रावर वसाहत नाही, गुरूकडे माणूस नाही. २०२२ मध्ये आर्टेमिसचं यान माणसांशिवाय का होईना, चंद्राला वळसा घालून आलं, तेव्हा "कर्जदाराने संपर्क साधला" असा शेरा पडला.

'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागातली तारीख मात्र त्यांनी आम्हाला सहा वर्षं आधीपासून पाठ करायला लावली होती. २१ ऑक्टोबर २०१५. त्या दिवशी उडती मोटार आणि हवेत तरंगणारी फळी मिळायची होती. बुधवार असूनही विशेष सभा बोलावली. नेमका दसऱ्याच्या आदला दिवस. वाचनालयाच्या शिपायानं खाली पंच, स्टेपलर आणि झेरॉक्स मशीनला झेंडू वाहिला होता. उरलेल्या माळेत कार्यवाहांनी आमचा प्रोजेक्टर घेतला. हळदकुंकू लावताना एक बोट भिंगावर गेलं, त्यामुळे सिनेमा आम्ही आधी केशरी आणि मग अंधूक असा पाहिला. सिनेमा संपल्यावर कार्यवाह गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली फुलांच्या टोपल्या, रिक्षा, उलट्या दिशेनं शिरलेली एक स्कूटर. सगळं जमिनीला धरून. दहा मिनिटांनी आत येऊन त्यांनी पेनचं टोपण काढलं. १९ जानेवारी २०१६ ला खातं एनपीए झालं.

सभेचा क्रम ठरलेला. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त. मागच्या सभेत त्याच्या मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलेलं असतं, तेही त्यात येतं. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं हळूच विचारलं, "काका, हा टाइम लूप आहे ना?" कार्यवाहांनी प्रश्न इतिवृत्तात घेतला. आता तो दर महिन्याला वाचला जातो.

मग वार्ता. कोणत्या दिवाळी अंकात विज्ञानकथा आली, कोणाची पानं किती, मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेची मुदत कधी, आणि 'यक्षांची देणगी'ची मंडळाची प्रत कोणाकडे आहे. ती १९९८ पासून कोणाकडे तरी आहे. दंड पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट झालाय, म्हणून नेणारा आता परत करायला धजत नसावा.

मग चहा. वहिनी दोन थर्मास पाठवतात. बहुतेक वेळा स्वतःच घेऊन येतात आणि मागच्या रांगेत विणकाम घेऊन बसतात. थर्मासवर त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'साखर' आणि 'बिनसाखर'. त्यांचा ख बघण्यासारखा असतो, र आणि व खाली एका गाठीनं बांधल्यासारखे. मधुमेही सभासद लांबूनही थर्मास चुकत नाहीत ते या गाठीमुळे की गाठीमागच्या 'बिन'मुळे, सांगता येत नाही.

चहानंतर सभासदांचं स्वलिखित कथावाचन. इथं मी फार थांबणार नाही. परग्रहवासी पुण्यात उतरतो. पर्वतीवर, क्वचित तळजाईवर. बालभारतीच्या पुस्तकातलं मराठी बोलतो आणि लक्ष्मी रोडला पार्किंग न मिळाल्यामुळे मानवजातीबद्दल निराश होऊन परत जातो. गेल्या दहा वर्षांत मी असे चौदा परत गेलेले मोजलेत.

नव्या पोरांचं जग निराळं. ती चिनी कादंबऱ्या इंग्रजीतून वाचतात, क्लिंगॉन भाषेत शिव्या देतात, आणि 'स्टार ट्रेक' की 'स्टार वॉर्स' यावरून नळावरच्या बायकांसारखी भांडतात. (कार्यवाहांचा निवाडा: "वॉर्स ही पौराणिक कथा आहे. तिला देय दिनांक नाही. फार फार पूर्वीची म्हणतात. मुदतबाह्य.") पोरांनी कॉस्प्लेचा ठराव मांडला. तो इतिवृत्तात 'वेशभूषा, ऐच्छिक' म्हणून आला. त्या शनिवारी एक मुलगा काळा झगा आणि काळं शिरस्त्राण घालून डार्थ व्हेडर होऊन कोथरूडहून मोटरसायकलवर आला. पुण्यात स्वखुशीनं डोकं झाकलेला माणूस बघून अलका चौकातल्या हवालदारानं त्याला बाजूला घेतलं. चोरीची गाडी असणार, नाहीतर हा असा का वागेल? शेवटी कार्यवाह मंडळाच्या लेटरहेडवर "सदर इसम आमचा सभासद आहे" असं लिहून सायकलवरून चौकात गेले. हवालदारानं विचारलं, हे मंडळ करतं काय? कार्यवाहांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. हवालदार आमचा आजीव सभासद नाही, पण वार्षिक आहे.

मंडळात नवा माणूस आला की त्याला एक गोष्ट ऐकावीच लागते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिला. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. नावामुळे परीक्षकांवर दडपण नको, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा उतरवून काढली त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी. ही गोष्ट सांगताना कार्यवाहांचा आवाज सत्यनारायणाच्या कथेतल्या साधुवाण्यापाशी आल्यासारखा होतो. परिणाम असा की आमच्या स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येक कथेच्या लेखकाची आद्याक्षरं ते उलटी फिरवून बघतात. एकदा त्यातून इस्रोचे एक माजी अध्यक्ष निघाले. कार्यवाह तीन दिवस झोपले नाहीत. लेखक भोरचा, सहावीतला निघाला.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. चार दिवसांनी चौथा शनिवार होता. मी पोचलो तर सातही राखीव खुर्च्या उघडलेल्या. सहाला एकवीसही भरल्या, आणि दोघं जण दाराशी उभे राहिले. त्या दिवशी इतिवृत्त वाचलं गेलं नाही. कार्यवाह उठले, 'कृष्णविवर'ची गोष्ट सुरू केली, जगतापांच्या नावापर्यंत आले आणि खाली बसले. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. सभा संपल्यावर त्यांनी खुर्च्या मोजून मिटल्या. एकवीस.

त्या दिवाळीला आमच्या स्पर्धेला अकरा कथा आल्या. दहा संगणकावर टाइप केलेल्या, एक हातानं लिहिलेली. छाननीला मी आणि तो टाइम लूपवाला मुलगा. हस्तलिखित कथा एका खगोल वेधशाळेतल्या कारकुनाची होती. तो एका ताऱ्याच्या उजेडाची आवक रोज वहीत लिहितो आणि एका रात्री ती जमेपेक्षा एक पैसा जास्त भरते. कथेत 'खगोल' हा शब्द अनेकदा आला होता आणि प्रत्येक वेळी र आणि व खाली एका गाठीनं बांधलेले.

मी मान वर केली. मुलगा तोंडातल्या तोंडात आद्याक्षरं उलटी करत होता. करून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. स्पर्धेचा सातवा नियम, पदाधिकाऱ्यांना भाग घेता येणार नाही, हा कार्यवाहांनी स्वतःच्या हातानं लिहिलाय. आम्ही दोघांनी कथा गठ्ठ्यात परत ठेवली, मधोमध.

परीक्षक बाहेरचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी तिला उत्तेजनार्थ दिलं. शेऱ्यात लिहिलं होतं, "तारखा अत्यंत चोख. लेखक हिशेबनीस असावेत. कल्पनेला थोडी मोकळीक द्यावी."

निकाल २२ नोव्हेंबरच्या सभेत. शेरे वाचण्याची प्रथा आहे. कार्यवाहांनी हाही वाचला, एका श्वासात, स्वल्पविरामांसह. मग विजेत्याचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं. मागच्या रांगेत वहिनींची सुई क्षणभर थांबली.

"विजेते अनुपस्थित," कार्यवाह म्हणाले. एकशे एक रुपयांचं पाकीट त्यांनी उघडलं, नोट आणि नाणं मोजलं, आणि पावती फाडली. रक्कम मंडळाच्या सस्पेन्स खाती जमा.

"किती दिवस राहणार तिथं?" मुलानं विचारलं. पोरगं आगाऊच आहे.

"दहा वर्षं. बँकेतल्या दावा न केलेल्या ठेवी दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात."

"आणि आपल्याकडे?"

कार्यवाहांनी लाल पाठीचं लेजर ओढलं. व्हर्न, फॉर्स्टर, चापेक उलटत उलटत कोऱ्या पानावर आले. लेखकाच्या रकान्यात ते टोपणनाव लिहिलं. वचनाचा रकाना जरा वेळ तसाच ठेवला, मग तिथं एक आडवी रेघ ओढली. देय दिनांकाला त्यांना कॅलेंडर लागलं नाही.

"२४ नोव्हेंबर २०३५," ते म्हणाले. "चौथा शनिवार आहे."