ड्राइव्हवेवरची होडी

अमेरिकेत होडी पाण्यात उतरली की कायदा तिच्या मागे लागतो. माणशी एक लाइफ जॅकेट हवे, आणि चालत्या होडीत उघड्यावर बसलेल्या १३ वर्षांखालच्या मुलाने ते घातलेलेच हवे. तीच होडी घरी ट्रेलरवर आली की तिचे फर्निचर होते. उतरत्या ड्राइव्हवेवर गाडीपासून सोडवायची, चाकाला हाताशी लागेल ती वीट लावायची आणि आता बुडायची भीती नाही म्हणून निर्धास्त व्हायचे! तिथल्या बहुतेक बोट-ट्रेलरना हँडब्रेक नसतो, हे विटेला कोण सांगणार?

मालक म्हणेल, आमची जागा सपाट आहे, शिवाय कुलूपही आहे. कुलूप चोराला अडवते, गुरुत्वाकर्षणाला नाही. सपाट जागेतही टनभराच्या ओझ्यातले साधारण ५० ते १०० किलोच पुढच्या जॅकवर असतात, बाकी सगळे चाकांवर. दोन धष्टपुष्ट पाहुणे मोटर बघायला मागच्या टोकाशी चढले, की पुढचे टोक उचलले जाऊ शकते. बूच न काढता होडी उघडी ठेवली तर पाहुण्यांचीही गरज नाही. साचलेले २०० लिटर पावसाचे पाणी म्हणजे २०० किलो. तेव्हा चाकांना पुढून-मागून पाचर लावा, मागच्या टोकाला टेकू द्या, बूच काढून ठेवा. पाचरांचा खर्च एका सहलीच्या पेट्रोलाइतकाही नाही.