फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात

भाऊ सकाळी साडेसहाला उठतात की नाही देव जाणे, पण त्यांचा मेसेज उठतो. सुप्रभात, मागं उगवता सूर्य, कोपऱ्यात हात जोडलेले भाऊ. सातला वाढदिवस. आठला दुःखद निधन, आणि तिथंही गेलेल्या माणसापेक्षा भाऊंचा फोटो दोन बोटं मोठा. दहाच्या सुमारास 'भाऊंच्या अथक प्रयत्नांना यश'. यश म्हणजे काय, तर शंभर पावलांच्या सिमेंट रस्त्याचं भूमिपूजन. कुदळ एक, तिला धरणारे हात अकरा.

हे भाऊ कोण, असं विचारू नका. चंद्रपूरच्या आसपास ऊर्जानगर, दुर्गापूर, पडोली, घुग्घुस, कुठंही उभे राहा. प्रत्येक चौकाला एक भाऊ आहे, मोठ्या चौकाला तीन. या मजकुराचा कोणत्याही एका भाऊशी संबंध नाही. ज्यांना तो वाटेल त्यांनी स्वखर्चानं जोडून घ्यावा.

भाऊंच्या ग्रुपात वॉर्डातली झाडून सारी घरं आहेत. नळाला तीन दिवस पाणी नाही म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी त्यात लिहायला घेतलं, तर लिहायची जागाच नव्हती. खाली एक करडी ओळ होती: फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात. काकू म्हणाल्या, ''मंग मले कायले घेतलं यात?'' या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधून रायलो आहे.

जनसंपर्क म्हणतात तो हा. भाऊंचा जनाशी संपर्क. जनाचा भाऊंशी नाही.

आता ज्या गावाला खरोखर माहितीची गरज आहे असं गाव महाराष्ट्रात शोधायचं म्हटलं, तर आमच्या ऊर्जानगरचा नंबर वर लागेल. एका अंगाला 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या अंगाला वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्सची) कोळसा खाण, वर इरई धरण, आणि पलीकडं ताडोबाचं जंगल. यातलं प्रत्येक जण अधूनमधून घरी येतं. वीज केंद्र राख पाठवतं, खाण धूळ पाठवते, जंगल काय पाठवतं ते पुढं सांगतो. सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या बनियनवरून दुपारी बोट फिरवलं की काळी रेघ उमटते. आमच्याकडचं सर्वांत नियमित वार्तापत्र तेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातली प्रदूषित औद्योगिक क्षेत्रं मोजली. चंद्रपूर 83.88 गुण मिळवून देशात चौथं आलं. दहावीत 83 टक्के घेतलेल्या पोराचा बॅनर चौकात लागतो, पेढा भरवताना भाऊ असतात. या गुणवंताचा बॅनर कुणी लावला नाही. हवेचे आकडे मंडळाच्या यंत्रावर रोज उमटतात. ते जमवून, बेरजा करून, वर्षात किती दिवस आपण काय ओढलं हे वर्तमानपत्रांना सांगतात ते ग्रीन प्लॅनेट सोसायटीचे सुरेश चोपणे. म्हणजे निवडून न आलेला माणूस माहिती देतो आणि निवडून आलेले शुभेच्छा देतात. श्रमविभागणी म्हणून वाईट नाही.

घोषणा मात्र पोचतात, आणि वेळेवर पोचतात. वीज इथं तयार होते, तर चंद्रपूरकरांना 200 युनिट मोफत द्या, हा मुद्दा किशोर जोरगेवार यांनी असा लावून धरला की 2019 मध्ये ते अपक्ष उभे राहून आमदार झाले. घोषणा चौथीतल्या पोरालाही पाठ झाली. पण दर ठरवणारा वीज नियामक आयोग कोण, सवलत द्यायची तर पैसा कुठल्या खात्यातून येतो, सही कुणाची लागते, हे पानठेल्यावर विचारून पाहा. खर्रा घोटणारा हात थांबतो, एवढंच. आपल्याला मागणी कळते, तिचा रस्ता कळत नाही, आणि रस्ता न कळलेली मागणी दर पाच वर्षांनी पुन्हा नवीकोरी वापरता येते.

जंगलाचं सांगतो म्हणालो होतो. 2022 च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामावरून घरी निघालेला कंत्राटी कामगार वाघानं मारला. लागलीच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात सोळा वर्षांचा मुलगा बिबट्यानं नेला. मे महिन्यात त्याच दुर्गापुरात तीन वर्षांच्या मुलीवर बिबट्यानं झडप घातली, तेव्हा तिच्या आईनं काठी घेऊन त्याला हाणला आणि पोर सोडवली. मग लोकांचा बांध फुटला आणि त्यांनी वनखात्याच्या माणसांनाच अडकवून ठेवलं.

त्या दिवसांत भाऊ लोक आले नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. सगळ्या पक्षांचे आले. निवेदनं दिली, इशारे दिले, निवेदन देतानाचे फोटो दिले. एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही: झुडपं कुणाची?

हसू नका, हा गावातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. बिबट्या येतो तो झुडपांच्या आडोशानं, आणि येतो उकिरड्यावरच्या कुत्र्या-डुकरांसाठी. वसाहतीच्या कुंपणाआतली झुडपं वीज केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीची. रस्त्याच्या कडेची ग्रामपंचायतीची म्हणावी, तर तो रस्ता बांधकाम खात्याचा निघतो. मातीच्या ढिगाऱ्यावरची वेकोलिची. पलीकडची वनखात्याची. उकिरडा तर अनाथच, त्याच्यावर वारसा सांगायला कुणी पुढं येत नाही. विजेच्या खांबावर दिवा नाही म्हणून ग्रामपंचायतीत जावं, तर ''तो खांब कंपनीत येते ना भाऊ.'' कंपनीत जावं, तर ''कॉलनीच्या बाहेरचं आमच्याकडे नाही.'' या हद्दी सर्वांत चोख कुणाला पाठ असतील तर बिबट्याला. तो बरोबर मधल्या पट्ट्यातून येतो.

तर भाऊ, एक कागद काढा. गावाचा नकाशा, पाच रंग, पाच कार्यालयं, प्रत्येकापुढं अधिकाऱ्याचं पदनाम, तक्रार कुठल्या टेबलावर द्यायची ते. खर्च एका बॅनरहून कमी. पण मला ठाऊक आहे, हा कागद निघणार नाही. लोकांना टेबल कळलं की ते टेबलाकडं जातील. मग भाऊंकडं कोण जाईल? 'भाऊंना सांगून पाहू' या एका वाक्यावर इथलं निम्मं राजकारण उभं आहे, आणि ते वाक्य जिवंत राहायचं तर पत्ता गुपित राहायला हवा.

इरईचं तसंच. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की चंद्रपुरात रहमतनगरच्या आसपास पाणी शिरतं. प्रशासनाचा इशारा निघतो, तो कार्यकर्त्यांच्या हाती पडतो, आणि त्यावर भाऊंचा फोटो चिकटवून तो पुढं जातो. फोटो नीट बसवायला वेळ लागतो. पाण्याला एवढा वेळ नसतो.

बरं, कायदा याबाबत मुका आहे का? मुळीच नाही. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा आहे. वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा वहिवाटीच्या. आधी नोटीस, दवंडी. सरपंचानं सभा टाळली तर पद जाऊ शकतं. त्याउपर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं की कुणी अर्ज करायची वाट न पाहता कार्यालयानं आपणहून माहिती मांडून ठेवावी. ती मांडलेलीही असते. काचेच्या दाराचा फलक, दाराला कुलूप, आत उन्हानं पिवळी पडलेली नोटीस, आणि तिच्यावर नेमका तारखेच्या जागी गंजलेल्या टाचणीचा डाग. किल्ली शिपायाकडं. शिपाई पंचायत समितीत गेलाय.

ग्रामसभेला कोरम लागतो मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो कमी तो. ऊर्जानगरात म्हणजे शंभर. एवढ्या मोठ्या वस्तीतून शंभर माणसं! एखाद्या तेराव्याला याहून अधिक पंगत बसते. पण 1 मेला चंद्रपूरचा पारा चव्वेचाळीसच्या पुढंही जातो, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग सहा माणसं आणि एक पंखा मिळून गावाचे निर्णय घेतात. हजेरीची वही नंतर घरोघरी फिरते. विषयपत्रिकेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, शेवटचा ऐनवेळी येणारे विषय. राख, धूळ, बिबट्या, पाणी हे सगळे आमचे ऐनवेळचे विषय, आणि तोवर पंखा बंद झालेला असतो.

सरपंच निवडायचा कसा, यावर मात्र आपल्या राज्यानं फार कष्ट घेतले. 2017 मध्ये थेट जनतेतून. 2020 मध्ये पुन्हा सदस्यांतून. 2022 मध्ये परत जनतेतून. त्याच 2022 च्या मार्चमध्ये आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. सदस्य माजी झाले, बॅनर आजीच राहिले.

इथून गडचिरोलीकडं गेलं की धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा लागतं. पाचेकशे वस्तीचं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. घोषणा आपल्याकडंही कमी नाहीत, पण मेंढ्यानं तिच्यासोबत अभ्यासगट ठेवला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गाव बसून कायदा वाचायचं, खल करायचं, आणि निर्णय बहुमतानं न घेता सर्वांच्या सहमतीनं घ्यायचं. 2009 मध्ये त्यांनी अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. मंत्री आला, कागद देऊन गेला. आपल्याकडं मंत्री येतो आणि कागद घेऊन जातो, निवेदन म्हणतात त्याला.

मेंढ्याला माहिती देणारा नेता मिळाला, म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. गावानं आधी विचारायची सवय लावून घेतली. मग सांगणाऱ्याला सांगावंच लागलं. अर्थात तिथं जंगल गावाच्या हातात आहे आणि आपल्याकडं अर्धी वस्ती नोकरीच्या गावी आलेली, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून जाणारी. तिला झुडपांत रस असावा कशाला? ही अडचण खरी आहे, आणि भाऊ लोक तिच्यावरच तर जगतात.

परवा आम्ही पाच-सात जणांनी ठरवलं, पुढच्या ग्रामसभेला शंभर डोकी जमवायची आणि पाच रंगांच्या नकाशाचा ठराव मांडायचा. भाऊंनी यावं, झुडपांवर बोलावं, म्हणून त्यांच्या खास माणसाला निरोप दिला. संध्याकाळी उत्तर आलं.

''भाऊ येते म्हणून रायले. पण सत्कार कुणाच्या हातून आहे ते आधी कळवा, अन् बॅनरची डिझाइन आम्ही पाठवतो.''