शेजाऱ्याकडून हरण्याचं वेड

मांजरीने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढण्याची विद्या तेवढी राखून ठेवली आणि म्हणून ती वाचली. ही गोष्ट आपण पोरांना शहाणपण यावं म्हणून सांगतो. तालमीतला वस्तादही पठ्ठ्याला सगळे डाव देतो, एक मात्र स्वतःकडे ठेवतो, हेही आपण कौतुकानेच सांगतो. हातचं राखणं हे आपल्या व्यवहाराचं पहिलं कलम आहे. मला आज बाजू मांडायची आहे ती हातचं काहीच न राखणाऱ्यांची. त्यांनी शेजाऱ्याला झाडावर चढायलाही शिकवलं आणि एके दिवशी त्याच्याकडूनच भर मैदानात मार खाल्ला. व्यवहाराच्या भाषेत हा मूर्खपणा आहे. या मूर्खपणाचं मी मनापासून गुणगान करतो, कारण खेळ जगले आहेत ते त्याच्याच जिवावर.

आपल्याकडे या वेडाचा मोठा मान साताऱ्याचा आहे. हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, गावोगाव खेळला जायचा, पण कायदे जो तो आपापले लावायचा. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी परत उठायचा. अमर पद्धतीत तो मैदानातच राहायचा आणि गुण तेवढा पलीकडे जायचा. अशा गोंधळात चंगळ होते ती यजमानांची. पाहुणा संघ जिंकायला लागला की ‘आमच्याकडं असं चालत नाही’ म्हणायला गावकरी मोकळे. १९१८ साली साताऱ्यात या खेळाला नियमांची चौकट मिळाली आणि ही सोय गेली. पुढे १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले, स्पर्धा भरवली. नियम लिहून काढणं म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा आपल्या हाताने सोडून देणं. लेखी नियम परक्याला सांगतो की ये, वाच, सराव कर आणि जमलं तर आम्हाला हरव. शहाण्या माणसाच्या हातून असलं लिखाण होत नाही.

ज्या साताऱ्यात हे झालं, त्या जिल्ह्यात तेव्हा आजच्या सांगलीचाही बराच भाग होता. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण नानांनी इंग्रजांना जेरीला आणलं ते सातारा जिल्ह्यातून. १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि आसपासची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कागदावर एक रेघ पडली आणि एका जिल्ह्याचे दोन संघ झाले. सोयरिकी तशाच राहिल्या, ऊस तोच राहिला, कृष्णाही तीच. तरी कबड्डीच्या मैदानात कराडचा गडी आणि वाळव्याचा गडी समोरासमोर आले की ती रेघ चांगली ठळक होते. भाऊबंदकी जिरवायला कोर्टकचेरीपेक्षा ही वाट केव्हाही चांगली.

कृष्णाकाठच्या जत्रेतला असा एखादा सामना उभं राहून पाहावा. पलीकडच्या जिल्ह्याचा चढाईपटू खाली वाकतो, मध्यरेषेजवळची माती कपाळाला लावतो आणि दम धरून आत शिरतो. समोर सात जण एकमेकांचे हात धरून अर्धा पाऊल मागे सरतात. कोपऱ्यातल्या गड्याची नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नसते, घोट्यावर असते. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, एक हूल देतो, एकाच्या खांद्याला बोट लावतो आणि वळतो. इथेच घोटा सापडतो. तिघे अंगावर पडतात आणि तो मातीत छाती घासत, दम न सोडता, मध्यरेषेपर्यंत बोटं नेतो. पंचाची शिट्टी होते, चार गुण पाहुण्यांना जातात. कडेला बसलेला यजमान गावचा एक जुना खेळाडू मात्र त्या पाहुण्या पोराला जवळ बोलावतो. “परतताना पाठ दावतुयास, पोरा. तोंड आमच्याकडं ठिवून माघारी सरक. मग घोटा घावायचा न्हाई.” कोपऱ्यातला गावचा गडी हे ऐकत असतो. त्याच्या हातातला एकुलता एक हुकमी डाव त्याच्याच गावच्या माणसाने नुकताच पाहुण्याला देऊन टाकलेला असतो. पुढच्या चढाईसाठी त्याला नवा डाव शोधावा लागणार असतो, आणि तो शोधतो. कबड्डी पुढे सरकली ती अशाच म्हाताऱ्यांमुळे.

जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाची सुरुवातही याच वेडातून झाली. पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये झाला, तोही क्रिकेटच्या मैदानावर. स्कॉटलंड आणि इंग्लंड हे शेजारी, एकाच राणीचे प्रजाजन. सामन्यासाठी खटपट केली ती लंडनच्या चार्ल्स आल्कॉक यांनी. स्कॉटलंडच्या वर्तमानपत्रात पत्र धाडून त्यांनी खेळाडूंना आवाहन केलं होतं. स्कॉटलंडची फुटबॉल संघटना तेव्हा जन्मलीही नव्हती, ती १८७३ ची. क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे अकरा जण देशाचा संघ म्हणून उतरले. गोलाच्या खांबांवर आडव्या दांडीऐवजी फीत ताणलेली होती. सुमारे चार हजार माणसं पैसे मोजून आली आणि सामना शून्य-शून्य सुटला.

हिशेब मांडणारा म्हणेल की चार हजार माणसांचा दिवस फुकट गेला. माझ्या मते त्या शून्यानेच इंग्लंडला भानावर आणायला हवं होतं. नियम १८६३ मध्ये लंडनमध्ये लिहिले गेले होते, खेळ त्यांचा, आमंत्रणही त्यांचंच. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारायचे. स्कॉटलंडचे गडी तो आपसात देत-घेत पुढे न्यायला लागले. १८७८ मध्ये स्कॉटलंड ७-२ ने जिंकलं. १८८१ मध्ये तर खुद्द लंडनमध्ये ६-१ ने. पाहुण्याला घरी बोलावून सहा गोल खाण्याइतका मोठा गाढवपणा दुसरा नाही. पण इंग्लंडने दार लावलं नाही. त्यांच्या क्लबांनी स्कॉटलंडचे खेळाडू बोलावून घेतले आणि चेंडू देणं-घेणं शिकून घेतलं. आज आपण जो फुटबॉल पाहतो, तो त्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडून हरत हरत घडवला आहे.

कबड्डीच्या वाट्याला तसा शेजारी आला तो बांगलादेश. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या त्या देशाने कबड्डीला राष्ट्रीय खेळाचा मान दिला. तिथल्या खेड्यांत तो हाडुडू म्हणून घरोघरी माहीत होताच. १९७४ मध्ये भारताचा पुरुष संघ तिकडे गेला आणि वेगवेगळ्या गावांत पाच कसोटी सामने खेळला. १९७९ मध्ये बांगलादेशाने भारतात येऊन परतफेडीचा दौरा केला. मधल्या काळात, १९७८ मध्ये भिलाईला भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि बांगलादेश एकत्र बसले आणि आशियाई महासंघ उभा राहिला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीची पदकं दिली गेली, तेव्हा सुवर्ण भारताला, रौप्य बांगलादेशाला, कांस्य पाकिस्तानला मिळालं. शेजाऱ्यांना तयार केलं नसतं, तर त्या व्यासपीठावर आपण एकटेच उभे राहिलो असतो आणि एकट्यासाठी कोणी व्यासपीठ बांधत नाही. कबड्डीच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणाऱ्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो, तो याच जातीच्या वेडाला मुजरा म्हणून.

या वेडाची खरी परीक्षा २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत झाली. सलग सात आशियाई सुवर्णपदकं जिंकलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. डोक्याला रुमाल बांधून खेळणाऱ्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतली विद्या घेऊन एक मराठी बाई परदेशात गेली आणि तिथल्या मुलींकडून तिने आपल्याच देशाला हरवून घेतलं. आपल्या मुली हरल्या याचं मला वाईट वाटलं. तरीही शैलजाताईंचा अभिमान त्याहून मोठा आहे. त्यांनी एखादा डाव राखून ठेवला असता, तर त्या प्रशिक्षक म्हणून खोट्या ठरल्या असत्या.

शहाण्यांचा प्रश्न उरतोच की यात आपण काय कमावलं? २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण पुन्हा समोरासमोर आले. एका नियमाच्या अर्थावरून खेळ तासाभराहून अधिक वेळ थांबला, आणि अखेर भारताने ३३-२९ असं सुवर्ण परत आणलं. आधीच्या सात सुवर्णांइतकंच ते सोन्याचं होतं, पण त्यासाठी घाम गाळावा लागला होता. हा घाम इराणने गाळायला लावला, आणि इराणला तेवढं बळ आपण दिलेल्या विद्येतूनही मिळालं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली. तेव्हापासून आजतागायत ऑलिंपिकमध्ये कबड्डीला पदक नाही. ते यायचं तर आपल्याला हरवू शकणारे देश चार-दोन असून भागणार नाही, चांगले वीस-पंचवीस लागतील. आणि त्या प्रत्येक देशाला हातचं न राखणारा एखादा वेडा प्रशिक्षक लागेल.

म्हणून सातारा-सांगलीच्या मैदानांवर पोरं घडवणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. पलीकडच्या जिल्ह्याचा संघ जत्रेला आला की त्याला जेवण द्या, मुक्काम द्या आणि सामना संपल्यावर त्याच्या चुकाही सांगा. पुढच्या वर्षी तो तुम्हाला हरवून जाईल, गावातले चार लोक तुम्हाला नावं ठेवतील. ती ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांना मैदानावर घेऊन या. आता त्यांना शिकवण्यासारखं काहीतरी नवीन तुमच्याकडे असेल.