पाला खा, पण गोळी सोडू नका

"मामा, हा पाला रोज चावा, महिन्यात शुगरची गोळी सुटंल." बिलोली, कुंडलवाडी, देगलूर, कुठल्याही बाजारात हे ऐकायला मिळतं आणि थकलेला माणूस त्यावर विश्वास ठेवतो. माझा राग या वाक्यावर आहे, पाल्यावर नाही.

अशा पाल्यातलं गुडमारचं पान गुणाचं आहे. ते चावून वर साखर टाका, वाळूसारखी लागते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोड चव काही वेळ अडवून धरतात. विकणारा हेच दाखवून सांगतो, "बघा, साखर मेली!" मेली ती चव. रक्तातली साखर तेवढ्यानं हलत नाही.

मद्रासच्या संशोधकांनी १९९० साली छापलेल्या अभ्यासात २२ रुग्णांना गोळ्यांसोबत या पानाचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, दीड वर्षाहून जास्त काळ दिला. साखर उतरली, ५ जणांची गोळीही सुटली. आशा वाटावी असंच हे आहे. पण तो अर्क मोजूनमापून दिलेला होता आणि रुग्णांवर नजर होती. बाजारातल्या पुडीत काय आणि किती, हे कोण तपासतं? कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता यांच्याबद्दल साखर आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचे जे दाखले देतात, त्यातले बरेच स्वादुपिंड मुद्दाम बिघडवलेल्या उंदरांचे असतात. माणसावरचं काम फार थोडं.

वनस्पतीतून औषध निघतंच. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं मूळ गॅलेगा या युरोपातल्या झाडात आहे. त्यातलं गॅलेगीन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच्याच जातीचं, पण शरीराला सोसेल असं मेटफॉर्मिन फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी १९५७ साली रुग्णांसाठी पुढे आणलं. पानापासून गोळीपर्यंतची ही तपासणी पुडीवाल्यानं कधी केली?

इन्सुलिनवरच्या पोराचं इन्सुलिन पाल्याच्या भरवशावर बंद केलं, तर शरीर चरबी वितळवत सुटतं, रक्तात आम्ल साचतं आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. उलट गोळीसोबत गुपचूप पाला खाल्ला, तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद. अन्न व औषध प्रशासनानं बाजारात उतरून तो कायदा लावावा.

आणि तुम्ही पाला खात असाल, तर डॉक्टरांना सांगा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या. मधुमेहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.