घरचा आहेर

"वहिनी, ठेवा ती बादली खाली, कपडे कुठे पळून जातायत! अमेरिकेतली एक भानगड सांगते."

"कुणाची? तुमच्या भाचीची?"

"छे हो, शास्त्रज्ञांची! सीडीसी म्हणजे तिथलं रोगनियंत्रणाचं सरकारी खातं. 2004 साली त्यांनी जाहीर केलं, चुकीचं खाणंपिणं आणि बैठं राहणं यांपायी, म्हणजे मुख्यतः लठ्ठपणापायी, वर्षाला 4 लाख माणसं दगावतात. लेखकांत खुद्द संचालकबाई! मग हिशेबात चूक निघाली, आकडा आला 3 लाख 65 हजारांवर. अन् 2005 मध्ये त्याच खात्यातल्या कॅथरीन फ्लेगलबाई म्हणाल्या, लठ्ठपणाचे जास्तीचे मृत्यू जेमतेम 1 लाख 12 हजार. शिवाय उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय 25 ते 30 असलेले, म्हणजे जरा अंगानं भरलेले, ते बेताच्या वजनाच्यांपेक्षा कमीच मरतात."

"अगं बाई! घरचाच आहेर!"

"मग! हार्वर्ड विद्यापीठवाले खवळलेच. 2013 मध्ये बाईंनी 97 अभ्यास, 28 लाखांवर माणसं एकत्र केली, तरी तेच. भरलेल्यांत मृत्यू 6 टक्के कमी. हार्वर्डचे वॉल्टर विलेट म्हणाले, हा निव्वळ कचरा, वाचण्यात वेळ घालवू नका. वर हे खोडून काढायला सभाही भरवली."

"ताई, पण हार्वर्डवाल्यांचं काहीच खरं नव्हतं?"

"होतं ना! सिगारेट ओढणारे आणि दुखण्यानं खंगलेले बारीक असतात आणि लवकर जातात, मग बारीक असणंच वाईट दिसतं. हा मुद्दा रास्तच. पण बाईंनी सिगारेट न ओढणारे वेगळे काढूनही पाहिलं होतं, म्हणाल्या फारसा फरक नाही. 2016 मध्ये एका मोठ्या गटानं 239 अभ्यास घेऊन, सिगारेटवाले आणि आजारी वगळून, बाईंच्या उलट निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. याला म्हणतात उत्तर! कचरा म्हणणं हे काय उत्तर झालं? नावडता आकडा आला की मोठेमोठेही नळावर उतरतात."

"म्हणजे आमच्या ह्यांचं पोट चालेल तर!"

"कसलं चालतंय! बाईंच्याच हिशेबात 35 च्या पुढे धोका 29 टक्के जास्त. आणि आपल्याकडचे डॉक्टर 23 पासून जादा वजन धरतात, 25 पासून लठ्ठ. तिकडचं 25 ते 30 इकडे लावू नका. भावोजींना आज संध्याकाळपासूनच चालायला पाठवा."